बिडीभराचा फेरा

१

हितेंद्रला खरं तर बोअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो जळगावात एसीच्या शोरूममध्ये कामाला, राहायला मेहरूणला, आणि मळ्यात आला की त्याचं पहिलं काम म्हणजे मोबाईल वर धरून नेटवर्क शोधत फिरणं. पण वडील, म्हणजे नाना, वारले, वरणगावच्या पुढचा तापीकाठचा मळा गळ्यात पडला, आणि ऐन केळीचे घड निसवायच्या टायमाला जुन्या ट्यूबवेलनं मान टाकली. मग काय, साहेब सुट्टी टाकून हजर!

नवीन ट्यूबवेल पाडायला गाडी आली ती थेट साक्रीकडची. गाडीचा मालक, मिस्त्री, ड्रायव्हर सगळं एकच माणूस, उखर्डू भाऊ. पोट पुढे, बिडी तोंडात, आणि बडबड अशी की गाडीचं इंजिन लाजावं. सोबत पंपावर समाधान, तो मात्र कानात इअरफोन घालून गप्प.

आता ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड यातच आहे. काळ्या दगडात बोअर पाडतात तेव्हा हवा मारतात, धुरळा उडतो. पण नदीकाठी खाली नुसती माती, वाळू, गोटे. तिथं भोक पाडलं की ते लगेच ढासळणार. म्हणून बाजूला एक मोठा खड्डा खणतात, त्यात पातळ चिखल कालवतात आणि पंपानं तो पोकळ रॉडमधून खाली ढकलतात. चिखल तळाशी जातो, खोदलेली माती घेऊन रॉडच्या बाहेरून वर येतो, नालीतून गुळगुळ करत परत खड्ड्यात पडतो. पुन्हा खाली. पुन्हा वर. उखर्डू भाऊ याला फेरा म्हणायचा.

"आते देख भाऊ," पहिल्याच दिवशी त्यानं शो केला. मूठभर गव्हाचा भुसा चिखलात टाकला, पंपाच्या तोंडाशी ढकलला आणि बिडी पेटवली. "आठे भुसा टाकना, आठे बिडी पेटाडनी. बिडी सरनी, का भुसा वर!"

आणि खरंच राव! बिडी बोटांपाशी आली आणि नालीत पिवळा भुसा तरंगत आला. हितेंद्रनं लगेच रील काढलं.

"घड्याळ नाही का तुमच्याकडे, भाऊ?"

"घड्याळ बंद पडस. बिडी बंद पडत नही." उखर्डू भाऊ हसला. "फेरा चालू, म्हनजे बोर जित्ता शे. फेरा थांबना, का मरना."

मळ्यातलं घर गाडीपासून हाकेवर. पडवीत खाटेवर दिपमालाताई बसलेली असायची. नववा लागला होता, बाळंतपणाला माहेरी आलेली, नवरा सुरतला. दोन वर्षांपूर्वीचं पहिलं सातव्यातच गेलं होतं. पोटात फिरायचंच थांबलं होतं ते, आणि घरात कुणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. त्यामुळे आता काय, घरात एकच प्रश्न. चहा देताना, भाकरी टाकताना, झाडून घेताना आई विचारायची, "फिरतंय ना गं?"

"फिरतंय गं बाई! मामासारखं नेटवर्क शोधत फिरतंय!"

आई, म्हणजे कुंदाबाई, पायाशी बसून बाळाची गोधडी शिवत होती. या वेळी तिनं घरचं एक फडकं त्यात घेतलं नव्हतं. गावात पाच घरी पदर पसरून चिंध्या मागून आणल्या होत्या. भिकेची गोधडी. असलं पोर कुणाच्या डोळ्यावर येत नाही म्हणे.

"आई, ऑनलाइन मिळते गं ऑर्गॅनिक कॉटनची. उद्या घरपोच," हितेंद्र मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला.

"तुले काय समजते! अन् तीन कोपरे शिवायचे, चौथा उघडा ठेवायचा. पोर आलं, त्याच्यावर निजलं, मंग शेवटचा टाका. तोवर ते आपलं नाही. ऐकू राहिला का रे?"

"हो हो," हितेंद्र म्हणाला. ऐकलं नव्हतं.

पाणी प्यायला आलेल्या उखर्डू भाऊनं मात्र ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "अक्का, मन्हं नाव उखर्डू उगाच शे का? आधीना चार गयात. मंग मायनी माले उकिरडावर टाकं, अन् मावशीनी उचली लिधं. टाकेल पोर कोन नेस?"

सगळे हसले. ताई सगळ्यात जास्त.

२

तिसऱ्या दिवशी आई आणि ताई तपासणीला रिक्षानं वरणगावला गेल्या. भर दुपार. केळीच्या बागेत बाहेरचं ऊन आत येत नाही, नुसता हिरवा अंधार असतो, आणि वाऱ्यानं फाटलेली पानं सारखी कुजबुजत असतात. अधूनमधून लांबून दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या टेस्टिंगचा धुम्म आवाज. या भागात त्याकडे कुत्रंसुद्धा मान वर करून बघत नाही.

हितेंद्र नालीशेजारी पालथ्या बादलीवर बसून मॅच बघत होता. आणि एकदम त्याला वाटलं, काहीतरी चुकतंय. काय ते कळेना. इंजिन चालू. रॉड फिरतोय. मग लक्षात आलं, गुळगुळ बंद झाली होती.

नालीत चिखल येत नव्हता.

खड्ड्यात बघितलं तर पातळी झरझर खाली चाललेली, उसाचा रस स्ट्रॉनं ओढावा तशी.

"समाधान! पंप बंद कर रे!" उखर्डू भाऊ ओरडला. बिडी तोंडातून पडली. "बठ्ठं पिई गयं!"

घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यानंच नंतर समजावलं. खाली मोठ्या गोट्यांचा थर लागतो, फटी असतात, चिखल तिकडे पळतो. होतं असं. फटी बुजवायच्या. पण बुजवल्या नाहीत तर भोक ढासळणार, रॉड गाडले जाणार आणि केळीला पाणी विसरायचं.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. भुसा टाकला, पोतीच्या पोती. शेण टाकलं. सरकीची टरफलं टाकली. केळीचा खांब चिरून टाकला. सगळं खाली गेलं, वर थेंब नाही. उखर्डू भाऊच्या शर्टाला पाठीवर मिठाचा नकाशा उमटला.

"असा खादाड बोर मी जिंदगीमा देखा नही. चिंध्या शेतस का घरमा? जुनं-पानं काय बी चाली. शेणमाटीना लाडू करू."

हितेंद्र पळतच घरी गेला. दाराआड एक गाठोडं होतं. नानांचं धोतर, उशीचे अभ्रे, दोन विटकी लुगडी. आणि मधे घडी करून ठेवलेली एक चौकोनी अर्धवट शिवलेली चिंधी-चिंधी जोडलेली वस्तू, एका कोपऱ्याला लाल दोऱ्यात सुई लोंबत असलेली. तो एवढ्या घाईत होता ना, की त्यानं फक्त सुई बघितली. कुणाला टोचेल म्हणून दोरा तोडून सुई काढली आणि स्वतःच्या कॉलरला खोचली. केवढा जबाबदार माणूस!

मग केळी कापायच्या कोयत्यानं त्यानं स्वतः सगळ्याच्या पट्ट्या केल्या. समाधाननं शेणमातीत मळून डोक्याएवढे लाडू वळले. रॉड वर ओढून घेतले आणि भोकाच्या काळ्या तोंडात एक एक लाडू सोडला. खूप खालून आवाज यायचा. डुब्. मग पुढचा. डुब्.

शेवटच्या लाडवातून लाल दोरा लोंबत होता. तो सोडला आणि तिघंही कान देऊन उभे राहिले.

आवाज आला नाही.

"अडकला वाटतं कुठंतरी," हितेंद्र म्हणाला.

उखर्डू भाऊ भोकात वाकून बघत राहिला. वरच्या वर कुणीतरी झेलावं, तसा तो लाडू नाहीसा झाला होता.

३

पण झालं ना काम! रॉड परत सोडले, पंप लावला, खड्ड्यात नवा चिखल कालवला, आणि उखर्डू भाऊनं भुसा टाकून बिडी पेटवली. दोन झुरके मारले नसतील तोच नालीत गुळगुळ.

"आला! फेरा आला!" हितेंद्र नाचायचाच बाकी होता. व्हिडिओ काढला, त्यावर गाणं टाकलं, स्टेटसला ठेवला.

उखर्डू भाऊ मात्र हातातल्या बिडीकडे बघत होता. अर्धीसुद्धा झाली नव्हती.

"लवकर उना," तो म्हणाला.

"चांगलंच ना मग?"

"एवढं खोल शे. लवकर कसा ई?"

हितेंद्रनं नालीत हात घातला. चिखल कोमट होता. आता दुपारी सगळंच कोमट असतं, खड्डा उन्हात, पाईप उन्हात, त्यानं मनाशी हिशोब लावला. पण हे कोमट उन्हाचं नव्हतं. तापलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावल्यावर लागतं ना, तसलं होतं.

मग एक पट्टी आली. उलटी फिरत, चिखलात लोळत, नालीच्या काठाला लागली. हितेंद्रनं काडीनं उचलली, पाण्यात खळबळली. निळ्या फुलांचं कापड. आणि त्याला जोडून पिवळं कापड.

त्यानं कापलेल्या पट्ट्या सुट्या होत्या. तो स्वतः कोयता घेऊन बसला होता, त्याला माहीत होतं. आता या दोन पट्ट्या एकमेकींना शिवलेल्या होत्या. लाल दोऱ्यानं. बारीक, सरळ, एकसारखे टाके.

गुंतल्या असतील. रॉड फिरतो, दोरा गुंडाळला जातो. त्यानं टाके मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. गुंतलेला दोरा असा ओळीनं चालत नाही.

दुसरा तुकडा आला तो तळहाताएवढा. तिसरा ताटाएवढा.

हितेंद्रनं ते पटकन काठाच्या मातीत पायानं दाबून टाकले. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याचा हात कॉलरकडे गेला. सुई होती जागेवर.

४

रिक्षा आली तेव्हा ऊन कलत होतं. ताई उतरली, फाईल हातात, तोंडावर हसू. "सगळं छान आहे म्हणाले. ठोके एकदम घोड्यासारखे!"

पडवीत बसली, पाणी प्यायली आणि मग दोन्ही हातांनी पोट चाचपू लागली.

"काय गं?" आई.

"काही नाही. रिक्षात झोपलं वाटतं. वरणगावातून निघालो तेव्हा फिरत होतं, मळ्याच्या रस्त्याला लागलो तसं..." तिनं पोटावर टिचकी मारली, लहानपणी हितेंद्रच्या डोक्यात मारायची तशी. "ए, उठ ना."

आईनं गूळ दिला. डाव्या कुशीवर निजवलं. गार पाणी पाजलं. ताईचा चेहरा हळूहळू असा झाला की हितेंद्रला तिकडे बघवेना. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या बाकावर तो हाच चेहरा बघत बसला होता.

"गाडी बोलावतो. वरणगाव नाही, सरळ जळगावला नेऊ," तो म्हणाला आणि मोबाईल काढला. मित्राची कार होती, पण यायला वेळ लागणार होता. फोन कानाला लावून तो वळला, आणि आईची नजर त्याच्या कॉलरवर थांबली.

"ही सुई कुठी भेटली तुले?"

हितेंद्रनं फोन कानावरून खाली घेतला.

"हितू. सुई कुठी भेटली?"

"आई, ते... दाराआड गाठोडं होतं ना. बोअर बुजवायला. मला वाटलं जुनं आहे."

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खालीच बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी धुवाले काढून ठेवलं होतं. तू कापली ती?"

त्याच वेळी तिकडे पंपाचं इंजिन घरघरून बंद पडलं. समाधान डिझेल टाकत असेल. बागेत एकदम शांतता.

"अगं!" ताईनं पोट धरलं. "मारली! मारली लाथ! जोरात!"

आई रडायला लागली, हितेंद्र हसायला लागला. इंजिन पुन्हा सुरू झालं. ताईचा हात पोटावर तसाच होता. बराच वेळ तसाच.

"थांबलं," ती म्हणाली.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, योगायोग. हितेंद्रनंही तेच म्हटलं. बाळं झोपतात, उठतात, इंजिनच्या हादऱ्यानं गप्प होत असतील, गुगलवर असेल कुठंतरी. पण त्याचे पाय आपोआप पडवीच्या कडेला गेले आणि तो ओरडला, "समाधान! बंद कर!"

घरघर थांबली.

"फिरलं," ताई म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. तिनं डोळे मिटले होते.

त्यानं तिथूनच हात हलवला. चालू कर. इंजिन लागलं.

ताईनं डोळे मिटूनच मान हलवली. "नाही फिरत."

"बंद कर! बंद कर रे ते! कायमचं बंद कर!"

इंजिन थांबलं. हितेंद्र ताईकडे बघत राहिला. आई बघत राहिली. केळीची पानं कुजबुजत होती, लांब कुठंतरी फॅक्टरीचा धुम्म झाला. ताईनं डोळे उघडले.

"हितू," ती म्हणाली, "आता पण नाही फिरत रे."

५

तो बागेतून धावला तेव्हा पानांनी त्याच्या तोंडावर चापट्या मारल्या. पुढे गाडी दिसली. पंप बंद. रॉड थांबलेला. समाधान कुठेच नव्हता, त्याचा मोबाईल तेवढा इअरफोनसकट जमिनीवर पडला होता, त्यातून बारीक गाणं चालू होतं.

आणि गुळगुळ ऐकू येत होती.

पंप बंद होता आणि चिखल येतच होता. शांतपणे, एका लयीत, भोकातून वर, नालीतून खड्ड्यात. खालून कुणीतरी ढकलत असल्यासारखा.

उखर्डू भाऊ गाडीला पाठ टेकून उभा होता. बिडी हातात, न पेटवलेली.

"भाऊ, हे कसं काय चालू आहे?"

"माले काय माहीत! मी बोर पाडस, देव नही शे मी!" त्याचा आवाज फाटला. "समाधान पळी गया. मी बी जाई राहिंतू. पन पाय उचलत नही." त्यानं हनुवटीनं नालीकडे दाखवलं. "ते देख."

नाली जिथं खड्ड्यात पडते तिथं, काठाला लागून, गोधडी होती.

तुकडा नाही. अख्खी गोधडी. निळी फुलं, पिवळं, कुणाच्या तरी घरचं हिरवं काठापदराचं, सगळं जागच्या जागी. चारही कोपरे शिवलेले. चौथासुद्धा. आणि ती पसरलेली नव्हती. बाळंतिणीच्या खोलीत बाया पोराला गुंडाळतात ना, खालचं टोक वर घेऊन, दोन्ही बाजू घट्ट आवळून, तशी गुंडाळलेली होती. तिच्या पोटाशी चिखलाच्या लाटा येऊन हळूच आपटत होत्या.

"उचलू नको भाऊ," उखर्डू भाऊ कुजबुजला. "माले उचली लिधं व्हतं मावशीनी उकिरडावरून. पन ती माले वळखत व्हती. हे... हे कोन शे?"

तेवढ्यात घराकडून आईची हाक आली. "हितू रे!" तिनं अशी हाक नाना गेले तेव्हा मारली होती.

हितेंद्रनं विचार केला नाही असं नाही. केला. डोकं एवढं भराभर चालत होतं की त्यालाच ऐकू येत होतं. बंद पंपातून चिखल येतोय म्हणजे खाली दाब असेल. गॅस असेल. गोधडी दाबानं गोळा होऊन आली असेल. आत शेणमाती भरली असेल म्हणून फुगलीये. हे सगळं पटत होतं. पण ताईचं पोर पोटात गप्प होतं आणि हे वर आलं होतं, हे त्याहून जास्त पटत होतं. जे वर आलंय ते खाली गेलं, तर जे थांबलंय ते चालू होईल. एवढा सोपा हिशोब. फेऱ्याचा.

तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात खाली घातले.

जड होती. शेणमातीसारखी निर्जीव जड नाही. मित्राचं दहा दिवसांचं पोर त्यानं एकदा घेतलं होतं, तेव्हा सगळ्या बाया ओरडल्या होत्या, मान धर, मान धर! आत्ता त्याचा डावा हात आपोआप वर सरकला आणि जिथं मान असावी तिथं गेला. आणि तिथं मान धरल्यासारखंच लागलं.

कोमट होती.

उघडून बघायचं का? चौथा कोपरा वरती होता, तोंडावर ओढलेला. त्यावर पातळ चिखलाचा पापुद्रा चढला होता. हितेंद्र बघत असतानाच तो पापुद्रा एका जागी जरासा आत ओढला गेला. मग फुगला. एक बुडबुडा झाला, फुटला.

पुन्हा आत ओढला गेला.

"हितूऽऽ!"

तो उठला. भोकाचं तोंड चांगलं घमेल्याएवढं होतं, मधे दंडाएवढा रॉड, बाजूला घागर सरकेल एवढी जागा. वर येणारा चिखल त्याच्या कोपरापर्यंत आला. त्यानं गोधडी त्यात ठेवली. ढकलली नाही, हे तो नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायचा. नुसती ठेवली. ती तरंगली, जराशी कलली, आणि मग कुणीतरी हातातून अलगद घ्यावी तशी हलकेच खाली ओढली गेली.

चिखल थांबला. मग खाली जायला लागला, झरझर. नाली रिकामी झाली. खड्ड्यातला चिखल निपचित झाला.

आणि घराकडून ताईचा आवाज आला. रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. "फिरलं! फिरलं रे हितू! नुसतं नाचतंय!"

उखर्डू भाऊनं बिडी पेटवली. चार काड्या मोडल्या तेव्हा पेटली. मग तो भोकाकडे पाठ करून उभा राहिला आणि बिडी संपेपर्यंत, अगदी संपून बोटाला चटका बसेपर्यंत, वळून बघेना.

काही वर आलं नाही.

६

मुलगी झाली. जळगावलाच, व्यवस्थित, डॉक्टर म्हणाले एकदम नॉर्मल. मळ्यातलं ते भोक उखर्डू भाऊनं त्याच संध्याकाळी रॉड काढून मातीनं बुजवलं आणि गाडी घेऊन गेला, मागे न बघता. केळी गेली म्हणायला हरकत नाही, पण त्यावर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. आई आता मळ्यात राहायला तयार नाही. मेहरूणच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत सगळे राहतात, ताई, बाळ, आई, हितेंद्र.

आईनं नवी गोधडी केली. पुन्हा पाच घरी पदर पसरला, शेजारणी हसल्या, पण दिल्या चिंध्या. चौथा कोपरा उघडा ठेवला आणि मुलगी त्यावर निजली तेव्हा शेवटचा टाका घातला. कागदोपत्री नाव भाविका. घरात भिकुबाई. मागून आणलेली.

सगळं छान चाललं होतं. खरंच छान चाललं होतं.

एका दुपारी लाईट गेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम गप्प झालं. भिकुबाई रडली, भुकेनं असेल. ताईनं पाजलं, ती गप्प झाली. हितेंद्र जेवून मोरीत हात धूत होता. त्यानं नळ बंद केला.

मोरीच्या जाळीतून रडणं आलं.

बारीक, लांबून, ओलं. सुरुवातीला दोन हुंदके, मग एक लांब सूर, मग उचकी. भिकुबाई आत्ता रडली होती अगदी तशीच.

पाईपमधून आवाज येतात, हितेंद्रनं ठरवलं. वरच्या मजल्यावरचं पोर असेल. वरच्या मजल्यावर रिटायर मास्तर आणि त्यांची बायको राहतात. मग बाजूच्या बिल्डिंगमधलं असेल. मग प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी एवढा वेळ थांबतो का?

किती वेळ, हे त्याला कळून घ्यायचं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी त्यानं टपरीवरून बिड्यांचा बंडल आणला. टपरीवाला हसला, "काय शेठ, सिगारेट सोडून एकदम बिडी? अन् तू तर ओढत बी नाहीस!" ओढायची नव्हतीच. भिकुबाई रडली की तो मागच्या दारात बसून बिडी नुसती पेटवून धरायचा. फुंकर घालून जिवंत ठेवायचा. बिडी संपली, की जाळीतून यायचं.

बरोबर बिडीभर. दर वेळी.

आई मोरीकडे जात नाही. भांडी ओट्यावर घासते. ताईला तर काहीच माहीत नाही, ती दिवसभर पोरीशी बोलत असते, "माझी गं ती, माझी गं ती."

हळूहळू त्याला सवय झाली असती. माणसाला कशाचीही होते. वर रडतं, खाली पोचतं, खालून परत येतं. चालू आहे म्हणजे जिवंत आहे, अशी त्यानं समजूत घातली होती.

काल दुपारी पुन्हा लाईट गेली. ताई पाळण्याच्या दोरीला हात लावून पेंगत होती. भिकुबाई गाढ झोपलेली, दोन्ही मुठी वळलेल्या, गोधडी घट्ट आवळलेली. सकाळपासून एकदाही रडली नव्हती. आई म्हणत होतीच, आज किती गुणी वागू राहिली.

जाळीतून रडणं आलं.

हितेंद्र दारातच थबकला. नवीन रडणं होतं. याआधी कधी न ऐकलेलं. तीन तुटक हुंदके, मग एक चिरकणारी किंकाळी, आणि शेवटी श्वास अडकल्यासारखा खोल आत ओढलेला सूर. मग गप्प.

त्यानं पाळण्यात बघितलं. झोपलेलीच होती.

त्याच्या हातांनी बिडी काढली. दोन काड्या मोडल्या, तिसरी पेटली. तो पाळण्यापाशी उकिडवा बसला. बिडीचा धूर सरळ वर जात होता. त्याला वाटलं, उचलावं हिला आणि पळत सुटावं. पण कुठं? आणि उचलताना मान धरावी लागेल. त्या हाताला ते वजन अजून पाठ होतं, आणि गेले कितीतरी दिवस त्यानं भाचीला उचललंच नव्हतं, का ते आत्ता कळलं.

बिडी अर्धी झाली. मग बोटभर उरली. मग नखाएवढी.

"काय रे हितू," ताई झोपेतच म्हणाली, "पोरीजवळ कसला धूर करतोस?"

चटका बसला. बिडी खाली पडली.

पाळण्यात भिकुबाईनं डोळे न उघडता तोंड उघडलं. तीन तुटक हुंदके आले.